शंभर स्वार आणि सातबारा

प्रश्न : मी अकरावीत आहे. इंग्रजी साहित्याच्या तासाला शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ चालू आहे. टीचरनी निबंध दिलाय : ‘लिअरच्या शोकांतिकेला जबाबदार कोण?’ मला तर थोरल्या दोन मुलीच वाटतात. बापाचं राज्य घेतलं आणि वादळात दारं लावून घेतली. टीचर म्हणतात, नायकाचा दोष शोध. ऐंशी उलटलेल्या म्हाताऱ्याचा काय दोष शोधू? आजोबा म्हणतात, ‘नटसम्राट वाच, तेच आहे.’ मग तेच लिहिलं तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आजोबांना नमस्कार सांग, पण निबंध त्यांच्या भरवशावर लिहू नकोस. ‘तेच’ नाहीये ते.

मी ३१ वर्षं शिकवलं. हे नाटक काढलं की वर्ग दर वर्षी तुझ्याच बाजूनं असायचा. एकदा पहिला प्रवेश वाचत होते. म्हातारा मुलींना विचारतो, माझ्यावर कुणाची माया जास्त ते बोलून दाखवा, त्या मापानं मुलूख देतो. थोरल्या दोघी, गॉनरिल आणि रीगन, गोड बोलून वाटा घेतात. धाकटी कॉर्डेलिया ‘काही नाही’ म्हणते आणि हाकलली जाते. सगळं देऊन झाल्यावर लिअर सांगतो, राजा हे नाव आणि मान माझाच राहील, सोबत १०० स्वार असतील, आणि महिना महिना एकेकीकडे राहीन. शेवटच्या बाकावर निफाडकडचा एक मुलगा बसायचा. घरची द्राक्षबाग, त्या साली बाप-चुलत्यांत वाटण्या चाललेल्या. एरवी तोंड न उघडणारा तो पोरगा म्हणाला, ‘बाई, सातबाऱ्यावरचं नाव कमी केलं आणि मळ्यात हुकूम मात्र ह्याचाच!’

वर्ग हसला. मी खडू खाली ठेवला. तुझ्या टीचरना हवा असलेला दोष त्यानं एका वाक्यात सांगितला होता.

आता दुसऱ्या अंकाचा शेवट काढ आणि वहीत आकडे मांड. १०० स्वारांचे गॉनरिल ५० करते. रीगन म्हणते, माझ्याकडे यायचं तर २५ आणा. त्यावर लिअर काय करतो? जिला नुकतेच शिव्याशाप दिले, त्या गॉनरिलकडे वळून म्हणतो, तुझे ५० म्हणजे हिच्या २५च्या दुप्पट, म्हणजे तुझं प्रेमही हिच्या दुप्पट! इथे थांबून पुन्हा वाच. घर सुटायची वेळ आली तरी गडी माया मोजतोच आहे. मग २५ तरी कशाला, १० कशाला, ५ कशाला, असं गॉनरिल म्हणते आणि रीगन विचारते, एक तरी कशाला? मुली क्रूर आहेतच. लिअरच्या बाजूच्या ग्लॉस्टर सरदाराचे डोळे काढतात तो प्रवेश आला की रीगनची बाजू घ्यायची कुणाची छाती होणार नाही. पण हे मोजमाप घरात आणलं ते बापानं.

‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आलं. आपल्या तात्यासाहेब शिरवाडकरांनी लिअरवरून बीज घेतलं खरं, पण आप्पासाहेब बेलवलकर मुलांची परीक्षा घेत नाहीत. विश्वासानं सगळं देऊन टाकतात. ताट द्यावं पण पाट देऊ नये, एवढंच विसरतात. आणि त्यांच्यासोबत बायको कावेरी आहे. लिअरची राणी नाटकात येतच नाही. म्हाताऱ्याला ‘अहो, थांबा जरा’ म्हणायला घरात बायको नाही. ह्या एका फरकावर पानभर लिहिता येईल. (कालिदास नाट्यगृहात मी ‘नटसम्राट’ पाहिलं तेव्हा मध्यंतरात वड्याच्या रांगेत पुढचे गृहस्थ पत्नीला म्हणत होते, ‘फ्लॅट अजून आपल्याच नावावर आहे ना?’)

तेव्हा तुलना कर, पण दोघांना एका दावणीला बांधू नकोस. सुरुवात व्याख्येनं न करता त्या ५० आणि २५पासून कर. त्याआधी एक संध्याकाळ आजोबांना लिअर करून तो प्रवेश मोठ्यानं वाच. दोन्ही मुली तू हो. ‘एक तरी कशाला’ म्हणताना त्यांच्याकडे बघ.

आणि सातबारा इंग्रजी निबंधातही सातबाराच लिही. टीचर नाशिकच्याच असतील, तर त्यांना अर्थ सांगावा लागणार नाही.