वस्तीवरून : वाकळ, घोंगडी आणि गोफण

प्रश्न : आजी, आई मागच्या वर्षी गेली. तिच्या आठ-दहा साड्या कपाटात पडून आहेत. थंडी सुरू झाली, म्हणून त्यांची गोधडी शिवावी म्हणते. मी बटणाशिवाय कधी काही शिवलेलं नाही. इथे एकजण मशीनवर शिवून देतात, त्यांना देऊ का?
– एक वाचक, डोंबिवली

पोरी, आमच्या माण तालुक्यात गोधडी म्हणालीस तर बाया हसतील. आमची ती वाकळ. आणि ती थंडीत शिवत नाहीत. ज्वारी घरात आली, पाडवा झाला, की चैत-वैशाखात लिंबाखाली वाकळा पसरायच्या. तेव्हा जमीन कोरडी, दिवस मोठा आणि रानात काम नसतं. मार्गशीर्ष-पौषात उसवलेलं तेवढं सांधायचं आणि पांघरून झोपायचं. पण तुला कुठं ज्वारी काढायची आहे? बस आत्ताच.

आधी साड्या निवड. सुती तेवढ्याच घे. नायलॉन, जॉर्जेट आईची असली तरी बाजूला ठेव. ते कापड घसरतं, टाका धरत नाही आणि घाम पीत नाही. जरीचा काठ उसवून टाक, रात्री गालाला टोचतो. साधा सुती काठ मात्र कडेला लावायला जपून ठेव. आणि अस्तराला नवं कापड आणायला दुकानात जाऊ नकोस. कित्येक वेळा धुऊन विरलेल्या सुताचा मऊपणा नव्याला येत नाही, आणि नवं कापड पहिल्या धुण्यात आटून सगळी वाकळ चुरमडून टाकतं.

नऊवारी लुगडं आठ मीटरच्या आसपास असतं. चार घड्या घातल्या की माणसाच्या लांबीचे चार थर होतात. सहावारीचे दोनच होतील, म्हणून दोन साड्या घे आणि मध्ये वडिलांचं जुनं धोतर नाहीतर विरलेली चादर घाल. पाच-सहा थरांच्या वर जाऊ नकोस. सुई पलीकडं निघत नाही, बोटात मात्र निघते.

फरशीवर सगळं सुरकुती न ठेवता पसर, कोपऱ्यांवर वजन ठेव. आम्ही एका कोपऱ्यावर वरवंटा आणि बाकीच्यांवर पोरं बसवायचो. वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके घाल. ही पायरी गाळलीस तर मधोमध फुगा येतो आणि मग तो कशानंच जात नाही. नंतर कडेपासून पक्का धावदोरा, फेरीवर फेरी, आत आत मध्यापर्यंत. दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा हातभरच घे, लांब घेतला की गुंततो.

मशीनवर दिलीस तर पाप लागणार नाही. पण ती शिवण थर आवळून टाकते, वाकळ ताठ होते. हाताचा टाका सैल असतो, म्हणून ती अंगाभोवती पडते. तुझे टाके वाकडे येतील, येऊ देत. माझी पहिली वाकळ बघून नणंद म्हणाली होती, "वहिनी, यावरनं कोंबडी चालून गेली का?" ती वाकळ अजून आहे, नातू तिच्यावर बसून अभ्यास करतो. धुणं वर्षातनं एकदा, घटस्थापनेच्या आधी.

प्रश्न : आजी, म्हसवडच्या यात्रेतून हौसेनं घोंगडी आणली. अंगाला टोचते, मेंढीचा वास येतो, आता तर दोन भोकंही दिसली. बायको म्हणते, घरात ती राहील नाहीतर मी. मशीनमध्ये धुऊन बघू का?
– एक वाचक, बेंगळुरू

मशीनचं नाव काढू नकोस बाबा. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी सासऱ्यांची घोंगडी कढत पाण्यात सोडा घालून बुडवली आणि वर चांगली बडवली. वाळली तर निम्मी. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ती उचलली आणि गोठ्यात जाऊन खोंडाच्या पाठीवर टाकली. त्याला बरोबर बसली.

टोचण्याला दोन कारणं. विणण्याआधी उभ्या धाग्याला चिंचोक्याची खळ लावतात, ती नव्या घोंगडीत ताठ असते. गार पाण्यात रात्रभर भिजव आणि न पिळता निथळू दे, बरीचशी जाईल. दुसरं म्हणजे दख्खनी मेंढीची लोकर मुळात जाडच. मऊ हवी होती तर कोकराच्या पहिल्या कातरणीची, जावळाची घ्यायची, पण तिला पैसे जास्त पडतात. आता आत सुती पांघरूण आणि वरून घोंगडी. वास उन्हानं जातो.

भोकं कसरीची. तिला अंधार आणि न मोडलेली घडी लागते. दोन दिवस कडक उन्हात घालून झटक, घडीत कडुलिंबाचा वाळका पाला घाल आणि कपाटात कोंडू नकोस. रोजच्या वापरातल्या घोंगडीला कसर लागलेली मी पाहिली नाही. सूनबाईला म्हणावं, पावसात हिची खोळ करून बाहेर पडून बघ, मग भांड.

प्रश्न : आजी, हस्तकलेच्या तासाला मुलांना थंडीत काय करायला द्यावं? कागदी फुलांचा कंटाळा आला.
– एक शिक्षक, बार्शी

गोफण द्या गुरुजी. आत्ताच तिचे दिवस आहेत. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात. परमुलखातनं येतात ती पाखरं, आणि सकाळच्या पारी कणसं मोकळी करतात. सासरे अंबाडी पाण्यात कुजवून वाख काढायचे आणि शेकोटीपाशी मांडीवर वळत बसायचे. तुम्ही सुतळी घ्या. दोन-अडीच हाताच्या दोन वेण्या, मध्ये विणलेली वाटी. एका टोकाला बोट अडकवायला फास, दुसरं टोक चिमटीत धरून ऐनवेळी सोडायचं. वाटी विणताना पोरं रडकुंडीला येतील, तिथं मदत करा. दगड देऊ नका, ढेकूळ द्या, आणि शाळेच्या खिडक्यांकडं पाठ करून उभं करा.

आमच्या नातवाला गोफण जुनाट वाटते. त्यानं मचाणावर स्पीकर ठेवून ससाण्याचा आवाज लावला. दोन दिवस भोरड्या फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चार-पाच स्पीकरवरच येऊन बसल्या.