संपादकांनी मागितलेले पाच संदर्भ

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

संपादकांचा मेल वाचला. पेपर घेतो म्हणतात, पण 'आमच्याच जर्नलमधले गेल्या दोन वर्षांतले पाच लेख संदर्भांत घाला' अशी अट. तू विचारलंस, दोनच वर्षांतले का?

कारण इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांना सरासरी किती सायटेशन्स (इतर लेखांत त्यांचे दिलेले संदर्भ) मिळतात तो आकडा, तसाच काढतात. २०२३ आणि २०२४मध्ये छापलेल्या मजकुराला २०२५मध्ये मिळालेली सायटेशन्स घ्यायची आणि त्या दोन वर्षांतल्या शोधनिबंध व रिव्ह्यूंच्या (आढावा-लेखांच्या) संख्येनं भागायचं. त्याहून जुना लेख सायट केलास तर या आकड्यात काहीच भर पडत नाही. मेख आणखी एक आहे. संपादकीयांना नि पत्रांना मिळालेली सायटेशन्स वर धरली जातात, खाली मात्र हा मजकूर मोजलाच जात नाही. रिव्ह्यू जास्त सायट होतात, म्हणून काही जर्नल्स तेच जास्त छापतात.

हा आकडा मोठा म्हणून तू हुरळू नयेस, यासाठी एक उदाहरण. २००८मध्ये 'अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए'मध्ये जॉर्ज शेल्ड्रिक यांचा शेलेक्स या संगणक-प्रणालीवरचा लेख आला. स्फटिकरचना उलगडणारा जो तो ती वापरायचा, त्यामुळे जो तो हा लेख सायट करू लागला. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २च्या आसपास होता, तो २००९साठी ४९.९ झाला! बाकीचे लेख होते तसेच होते. दोन वर्षांचा हिशेब सरला आणि आकडा पुन्हा खाली आला.

ब्राझीलची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. तिथली कापेस ही सरकारी संस्था पदव्युत्तर विभागांना गुण देताना जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर बघायची, त्यामुळे चांगले लेख मोठा आकडा असलेल्या परदेशी जर्नल्सकडे जात. काही संपादकांनी मग आपसांत ठरवून एकमेकांच्या जर्नल्सना शेकडो सायटेशन्स दिली. २०१३मध्ये थॉमसन रॉयटर्सनं (तेव्हा हा आकडा तीच कंपनी जाहीर करायची) अशा चार जर्नल्सचा इम्पॅक्ट फॅक्टर रोखला. त्यांची कोंडी खरी होती, हे मी मानतो. तरीही त्यांचं समर्थन करवत नाही. संदर्भ म्हणजे 'हे मी वाचलं, याचा मला उपयोग झाला' अशी वाचकाला दिलेली ग्वाही असते. ती सौद्यात देता येत नाही.

(मुखपृष्ठावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नकोस. इम्पॅक्ट फॅक्टर जिथे दरवर्षी जाहीर होतात त्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये नाव नसलेली जर्नल्सही आपल्याकडे 'इम्पॅक्ट फॅक्टर' मिरवतात.)

आता मेलचं उत्तर. पाचही लेख नीट वाच. तुझ्या युक्तिवादाला ज्याची गरज आहे तो घे, आणि कुठे घेतलास ते पानासकट कळव. उरलेल्यांबद्दल एवढंच लिही : 'हे लेख वाचले; प्रस्तुत निष्कर्षांशी त्यांचा थेट संबंध आढळला नाही.' माफी मागू नकोस. पेपर नाकारला तर दुसरीकडे पाठवू, आणि तुझ्या सबमिशनच्या तारखेचं विभागाशी मी बोलेन. मसुदा पाठवण्याआधी मला दाखव.

तुझे,
सर