सोसायटीचं कर्ज थकलं म्हणून रेशन अडवता येतं का?

प्रश्न: आमच्या गावचं रेशन दुकान विविध कार्यकारी सेवा सोसायटी चालवते. आमचं केशरी कार्ड प्राधान्य कुटुंब योजनेत आहे, आईच्या नावावर, सहा युनिटचं. वडिलांचं सोसायटीचं पीककर्ज दोन वर्षांपासून थकलं आहे. मागच्या महिन्यात सेल्समनने "आधी सचिवांना भेटा, थकबाकीचं बघा" म्हणून परत पाठवलं. या महिन्यात अंगठा घेतला, पण २२ किलोच धान्य दिलं आणि पावती दिली नाही. वर चहापूड आणि साबण असे १४० रुपयांचे जिन्नस घ्यायला लावले, हमाली म्हणून २० रुपये वेगळे घेतले. तक्रार केली तर वडिलांचं सभासदत्व जाईल, कर्जाचं नवं-जुनं (जुनं फेडून नवं घेणं) होणार नाही, असं चेअरमननी ऐकवलं. गावातलं दुकान बंद पडलं तर लोक आम्हालाच बोल लावतील, हीही भीती आहे. सहायक निबंधकांकडे तक्रार द्यावी का?

उत्तर:

ताई, थकबाकीसाठी रेशन अडवता येत नाही. पूर्ण नाही, अर्धं नाही, एक किलोही नाही. आणि रेशनच्या तक्रारीसाठी सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांकडे, जाऊ नका. दुकान सोसायटीचं असल्यामुळे बरेच जण तिकडेच अर्ज देतात. तो अर्ज "हा विषय पुरवठा विभागाचा आहे" असा शेरा मारून परत येतो आणि तोवर दोन-तीन महिन्यांचं धान्य हातचं जातं. तुमचं कार्यालय म्हणजे तहसीलमधली पुरवठा शाखा.

सोसायटी कर्ज देते ते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली. दुकान चालवते ते मात्र पुरवठा खात्याने दिलेल्या प्राधिकारपत्रावर (दुकानाच्या परवान्यावर), म्हणजे महाराष्ट्र अनुसूचित वस्तू (वितरणाचे विनियमन) आदेश, १९७५ आणि केंद्राच्या २०१५च्या सार्वजनिक वितरण नियंत्रण आदेशाखाली. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ च्या कलम १२ मध्ये रेशन दुकानं देताना पंचायती, बचतगट आणि सहकारी संस्थांना प्राधान्य द्या असं म्हटलं आहे. ते प्राधान्य दुकान मिळण्यापुरतं आहे. एकदा दुकान मिळालं की काउंटरवर सभासद आणि बिगरसभासद, थकबाकीदार आणि नियमित असा भेद उरत नाही. ज्याचं कार्ड त्या दुकानाला जोडलेलं आहे, त्याला त्याचं धान्य द्यायचं.

सचिव कदाचित सहकारी संस्था अधिनियमाचं कलम ४६ पुढे करतील, की सभासदाकडून येणं असेल तर त्याचं आमच्याकडचं देणं आम्ही वळतं करू शकतो. ते कलम सभासदाचे शेअर, ठेव, लाभांश अशा गोष्टींना लागू आहे. रेशनचं धान्य सोसायटी तुमच्या वडिलांना देणं लागत नाही. ते सरकारचं आहे, सोसायटी फक्त वाटते. शिवाय कर्ज वडिलांच्या नावावर आहे, कार्ड आईच्या नावावर, आणि हक्क घरातल्या सहाही माणसांचा स्वतंत्र आहे. कर्ज वसूल करायला त्याच अधिनियमात कलम १०१ खाली वसुली दाखला आहे, कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे. तिथे नोटीस मिळते, बाजू मांडता येते. दुकानाच्या काउंटरवर वसुलीची मुभा कुठल्याही कलमात नाही.

आता तुमचे आकडे तपासू, कारण चुकीचा आकडा लिहिलेली तक्रार पहिल्या सुनावणीतच लंगडी पडते. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, म्हणजे सहा युनिटला ३० किलो. गहू-तांदळाचं प्रमाण त्या महिन्याच्या नियतनाप्रमाणे (सरकारने मंजूर केलेल्या वाटपाप्रमाणे) बदलतं, बेरीज बदलत नाही. दर शून्य, १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. (अंत्योदयचं पिवळं कार्ड असतं तर माणसं कितीही असोत, घराला ३५ किलो.) पण एखाद्या सदस्याचं ई-केवायसी राहिल्यामुळे त्याचं युनिट थांबवलेलं असेल तर मशीनवर २५ किलोच दिसतील आणि या महिन्याची तूट ८ ऐवजी ३ किलोची निघेल. म्हणून आधी रेशन मशीनच्या नोंदी दाखवणाऱ्या महाईपॉस संकेतस्थळावर 'आरसी डिटेल्स'मध्ये कार्डाचा १२ अंकी क्रमांक, महिना आणि वर्ष टाका. किती युनिट चालू आहेत, कोणत्या तारखेला किती गहू, किती तांदूळ "दिला" म्हणून नोंद आहे, सगळं दिसतं. त्याची प्रिंट काढा. पावती दिली नाही तरी ही नोंद पुसली जात नाही. ३० किलोची नोंद असेल आणि घरात २२ आले असतील, तर तुमच्या तक्रारीचा कणा तोच कागद. युनिट बंद दिसलं तर ई-केवायसी लगेच करून घ्या. ते दुसऱ्या गावच्या दुकानातही होतं.

मागच्या महिन्याचीही प्रिंट काढा. त्या महिन्यात शून्य नोंद असेल तर धान्य नाकारलं एवढंच म्हणता येईल. पण तुम्हाला परत पाठवूनही नोंद ३० किलोची निघाली, तर प्रकरण गंभीर आहे. धान्य तुमच्या नावावर उचललं गेलं आणि ते कुठे गेलं याचा हिशेब दुकानाला द्यावा लागेल. अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ च्या कलम ७ मध्ये नियंत्रण आदेशाच्या भंगाला तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे.

पुढच्या महिन्यापासून एक नियम पाळा: धान्य मापून पिशवीत पडल्याशिवाय अंगठा नाही. मशीनवर अंगठा उमटला की कागदोपत्री तुम्हाला धान्य मिळालेलं असतं आणि मग भांडण तुमच्या शब्दावर येतं. सेल्समन म्हणेल, "आधी थंब, मग माप, अशीच पद्धत आहे." निदान काटा समोर हवा, तो शून्यावर असलेला दिसायला हवा आणि पावती हातात हवी. काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाची त्या वर्षाची पडताळणी मोहर आहे का, तेही बघा. माप कमी वाटलं तर त्याच दिवशी, पिशवीचं तोंड न सोडता, गावातल्या दुसऱ्या काट्यावर वजन करा आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्यांनी तारीख, वेळ, वजन लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी केलेल्या वजनाला काही किंमत राहत नाही.

याच दुकानात गेलं पाहिजे असंही नाही. पोर्टेबिलिटीमुळे राज्यातल्या कोणत्याही रेशन दुकानातून त्याच कार्डावर, त्याच अंगठ्यावर धान्य घेता येतं. शेजारच्या गावचं दुकान चालेल. फक्त महिन्याच्या सुरुवातीला जा, कारण त्या दुकानाचा साठा त्याच्या स्वतःच्या कार्डांच्या हिशेबाने आलेला असतो आणि शेवटच्या आठवड्यात संपतो. तक्रार चालू असताना घरात धान्य यायला हवं, त्यासाठी ही वाट वापराच. दुसरीकडून घेतल्यामुळे तक्रार कमजोर होत नाही.

अर्ज तहसीलदार (पुरवठा शाखा) यांच्या नावे, कार्ड आईच्या नावावर असल्यामुळे आईच्या सहीने. सोसायटीच्या राजकारणाचा, चेअरमनच्या गटाचा, मागच्या निवडणुकीचा एक शब्दही त्यात नको. मजकूर साधारण असा:

"माझी शिधापत्रिका क्रमांक अमुक, प्राधान्य कुटुंब, युनिट ६. अमुक महिन्यात दिनांक अमुक रोजी दुकानात जाऊनही सोसायटीच्या पीककर्जाच्या थकबाकीचे कारण सांगून धान्य नाकारले. चालू महिन्यात दिनांक अमुक रोजी अंगठा घेऊन ३० किलोची नोंद केली, प्रत्यक्षात २२ किलो दिले, पावती दिली नाही. हमाली म्हणून २० रुपये घेतले व १४० रुपयांच्या इतर वस्तू घेण्याची सक्ती केली. ऑनलाइन नोंदीच्या प्रती सोबत आहेत. विनंती: (१) न मिळालेले ३८ किलो धान्य किंवा त्यापोटी अन्न सुरक्षा भत्ता मिळावा, (२) दुकानातील प्रत्यक्ष साठा व मशीनवरील शिल्लक यांची तपासणी करून पंचनामा करावा, (३) थकबाकीच्या कारणाने धान्य न अडवण्याचे लेखी निर्देश दुकानास द्यावेत."

दुकानात गेल्याची तारीख लिहायला विसरू नका. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे धान्य मिळालं नाही तर राज्याकडून भत्ता मिळतो, पण जो त्या महिन्यात दुकानात धान्य मागायला गेलाच नाही, त्याला तो मिळत नाही. बरोबर कोणी होतं तर त्यांचं नाव लिहा. भत्त्याचा हिशेब हमीभावाच्या सव्वापटीवर, दुकानातला दर वजा करून होतो. गव्हाचा २०२५-२६ हंगामाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता, त्याने किलोला ३० रुपयांच्या थोडं वर येतात. तांदळाला धानाच्या हमीभावावरून काढलेली किंमत धरतात. रक्कम फार नाही, पण ती मागितली की "पुढच्या महिन्यात बघू" असं म्हणून फाइल बंद करता येत नाही.

अर्ज आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक व तारीख घ्या. घेत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. त्याच दिवशी १९६७ किंवा १८००-२२-४९५० या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक अर्जाच्या प्रतीवर लिहून ठेवा. हालचाल झाली नाही तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १५ खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे अर्ज. त्या पदाचा कार्यभार कोणाकडे आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयात कळेल. त्यांच्या आदेशावर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येतं. तक्रार निवारण अधिकाऱ्यांनी सांगितलेला दिलासा विनाकारण न देणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग ५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो.

हमालीचा प्रश्न सोपा आहे. धान्य सरकारी खर्चाने दुकानापर्यंत पोहोचतं आणि वाटपासाठी दुकानाला सरकारकडून मार्जिन मिळतं; ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते क्विंटलला १५० वरून १७० रुपये केलं. तुमच्याकडून घेण्यासारखं काही उरत नाही. चहा-साबण दुकानात विकायला ठेवता येतात, पण धान्य हवं तर हे घ्याच अशी सक्ती चालत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये अशा अटीला निर्बंधात्मक व्यापारी प्रथा म्हटलं आहे. तरीही ग्राहक आयोगात जाण्याचा सल्ला मी देणार नाही. मोफत धान्याच्या बाबतीत "मोबदला दिलाच नाही, मग ग्राहक कसे?" हा मुद्दा लगेच येईल आणि १४० रुपयांसाठी तारखा मोजत बसाल. पुरवठ्याच्या अर्जात तो मुद्दा पुरेसा आहे.

कागदपत्रं मागितलीत तर सोसायटी "आम्हाला माहितीचा अधिकार लागू नाही" म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळच्या थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सरकारचं भरीव नियंत्रण किंवा अर्थसाह्य नसलेल्या सहकारी संस्थांबाबत तसं म्हटलं आहे. वाद घालू नका. माहितीचा अर्ज तहसीलच्या माहिती अधिकाऱ्याकडे द्या: दुकानाचं नियतन, उचल, तपासणी अहवाल सगळं तिथे असतं. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. शिवाय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २७ प्रमाणे वितरणाची कागदपत्रं लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवायची आहेत.

तक्रार गेल्यावर संध्याकाळी कोणीतरी धान्य घेऊन घरी येईल आणि "सगळं धान्य मिळालं, तक्रार नाही" अशा कागदावर सही मागेल. धान्य जरूर घ्या, ते तुमचंच आहे. सही करताना मात्र स्वतःच्या अक्षरात लिहा: आजची तारीख, किती किलो, कोणत्या महिन्याचं. मागची तारीख टाकलेल्या किंवा कोऱ्या कागदावर सही नको. जबाबासाठी पुरवठा निरीक्षक आले तर आईने वाचून, किंवा वाचून घेऊन, मगच सही करावी.

वडिलांच्या सभासदत्वाची धमकी पोकळ आहे. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे सभासद काढायचा तर त्यासाठी बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश बहुमत लागतं, त्याला बाजू मांडू द्यावी लागते आणि निबंधकांची मान्यता मिळेपर्यंत ठराव अमलात येत नाही. पुरवठा खात्याकडे रेशनची तक्रार केली, हे काढून टाकण्याचं कारण होऊ शकत नाही. कर्जाच्या नव्या-जुन्याचं मात्र वेगळं आहे. थकबाकी आहे तोवर नवं कर्ज नाकारण्याचा सोसायटीला अधिकार आहे आणि तक्रार मागे घेतली म्हणून ती थकबाकी कमी होणार नाही. वडिलांनी सभासद म्हणून कलम ३२ खाली आपल्या खात्याचा उतारा मागावा. शुल्क भरल्यावर महिन्याच्या आत नक्कल द्यावी लागते. त्यात व्याज किती लावलंय ते बघून परतफेडीचं वेगळं बोलणं करावं. सहायक निबंधकांचं दार ठोठावायचं ते या कर्जाच्या कामासाठी.

आणि दुकान बंद होण्याची भीती. वर दिलेल्या अर्जात प्राधिकारपत्र रद्द करा अशी मागणी मुद्दाम ठेवलेली नाही. ती केली की कारणे दाखवा नोटीस, सुनावणी, अपील, स्थगिती असा लांबचा प्रवास सुरू होतो आणि तुमचे ३८ किलो त्यात हरवतात. तपासणीत गंभीर तफावत सापडली तर काय करायचं ते पुरवठा अधिकारी ठरवतील. दुकान निलंबित झालंच, तरी कार्डं जवळच्या दुकानाला जोडून वाटप चालू ठेवावं लागतं. गावाचं रेशन थांबत नाही. शेजारपाजारच्या घरांनाही थकबाकीचं कारण सांगून कमी धान्य मिळत असेल तर त्यांच्याही प्रिंट काढा आणि प्रत्येक कार्डाचा वेगळा अर्ज एकाच दिवशी द्या. एका कागदावरच्या पन्नास सह्यांपेक्षा आकड्यांसह आलेले पाच वेगळे अर्ज पुरवठा निरीक्षकाला लवकर गावात आणतात.