म्युनिकला येतेस? मग आधी पाण्याचं बोलू

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याला म्युनिकमध्ये नोकरी मिळतेय, सगळे मुलुंडहून हलणार, मुलगा आठ वर्षांचा. तू घरातून वाढवलेला 'झीरो वेस्ट' सौंदर्यप्रसाधनांचा व्यवसाय, म्हणजे शांपू बार, उटणं, पत्र्याच्या डबीतलं बॉडी बटर, हे सगळं इकडे नव्याने उभं करता येईल का? शिवाय शाळेचं आणि एकटेपणाचं. ताई म्हणालीस, तर मी सरळ अगं-तुगंवर येते. मी गिरगावातली, इथे येऊन दशक उलटून गेलं, आणि याच धंद्यात आहे. तुला चार ओळी लिहिणार होते. ते काही जमलेलं नाही.

व्हिसा, विमा, घरभाडं हे सगळं सरकारी साइटवर आहे, आणि माझ्यापेक्षा ताजं आहे. एवढंच बघ, की कुटुंब म्हणून नवऱ्यासोबत आलीस तर तुला स्वतःचा धंदा करायला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. तुझ्या इथे राहण्याच्या परवान्यावर तसं छापलेलं असेल, ते नीट वाचून घे.

आता पाणी. हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. आपल्या मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी येतं, पावसाचं साठवलेलं, मऊ. नारळाचं तेल आणि कॉस्टिक सोडा वापरून केलेला साबणाचा बार त्यात छान फेसाळतो, केसही मोकळे होतात. म्युनिकचं पाणी आल्प्सच्या पायथ्याच्या चुनखडीतून झिरपून येतं. शाळेत दुष्फेन पाणी शिकलो होतो, ते हे. किटलीत आठ दिवसांत पांढरा थर धरतो. त्यातलं कॅल्शियम साबणाला चिकटतं आणि ते पुटासारखं केसांवर बसतं. केस धुऊनही तेलकट-मेणचट लागतात. व्हिनेगरचं पाणी शेवटी ओतलं की पुट जातं, पण गिऱ्हाइकाला आंघोळीनंतर व्हिनेगर घे म्हणून कोण सांगणार? म्हणून तुझा बार साबणाचा असेल तर तो मुलुंडलाच ठेव. इथे सिंडेट बार लागतो, म्हणजे साबणाऐवजी दुसऱ्या फेसाळणाऱ्या घटकाचा, सोडियम कोकोइल आयसेथायोनेटचा. तेही नारळाच्या तेलापासूनच निघतं, पण पिशवी उघडताना तोंडाला मास्क लाव. ती भुकटी नाकात गेली की दिवसभर शिंका.

सौंदर्यप्रसाधनांचा कायदा युरोपियन युनियनभर एकच आहे, १२२३/२००९ क्रमांकाचा. घरात बनवलेलं आहे, थोडंच आहे, मैत्रिणींनाच विकते, यातलं काही चालत नाही. प्रत्येक उत्पादनाचा सुरक्षा-अहवाल पात्र तज्ज्ञाकडून सही करून घ्यायचा, मग युरोपच्या पोर्टलवर नोंद करायची (ती फुकट आहे), आणि सगळी फाइल शेवटचा लॉट विकल्यावर पुढे १० वर्षं सांभाळायची. अहवालाला एका उत्पादनामागे काहीशे युरो जातात. सुगंध बदलला की बहुतेकदा पुन्हा पैसे. तुझे मोगरा, वाळा, केवडा, लेमनग्रास असे बारा वास आहेत म्हणालीस. दोन ठेव. त्यातही सुगंधातले कुठले घटक लेबलवर नावानिशी छापायचे ती यादी २०२३ साली २६ वरून ८०च्या वर गेली, आणि नैसर्गिक तेलांनाच तिचा फटका जास्त बसतो. ज्या लेबलवर 'फक्त नैसर्गिक' लिहायची आपल्याला हौस असते, त्याच लेबलवर लिमोनिन, लिनालूल, जिरॅनिऑल अशी रांग लागते.

पाणी नसलेली उत्पादनं घेऊन सुरुवात कर. पाणी आलं की प्रिझर्व्हेटिव्ह आलं, त्याची लॅबमधली परीक्षा आली, बाटली आली, पंप आला. उटणं, बार, तेलाचा बाम यांना ती कटकट नाही. माझ्या मते खरं झीरो वेस्ट इथूनच सुरू होतं, बांबूच्या झाकणापासून नाही.

उटण्याचा अनुभव सांगते. तज्ज्ञ बाईंनी प्रत्येक वनस्पतीचे कागद मागितले: लॅटिन नाव, जंतूंची तपासणी, जड धातू, कीटकनाशकं. मी सुट्टीत दादरला आमच्या नेहमीच्या काष्ठौषधींच्या दुकानात गेले. नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, वाळा. काकांनी तोलून पुड्या बांधल्या आणि म्हणाले, "सर्टिफिकेट कशाला ताई, वास घ्या की." वास अस्सल होता. पण वासावर सही-शिक्का होत नाही. शेवटी लॅबचे कागद देणारा पुरवठादार शोधला, दाम कितीतरी पट. आणि तो माल येतो विमानाने, पंचवीस किलोच्या प्लास्टिकच्या गोणीत. गिऱ्हाइकाच्या हातात कागदी पुडी, माझ्या तळघरात प्लास्टिकचा ढीग. झीरो कुणाचा, हे मी मोठ्याने विचारत नाही. तसंही २७ सप्टेंबर २०२६ पासून युरोपात 'पर्यावरणस्नेही' असला मोघम शब्द पुराव्याशिवाय छापता येणार नाही. मला तर बरंच वाटलं.

पॅकिंगची नोंदणी वेगळी. जर्मनीत गिऱ्हाइकापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक कागदी डबीची, आतल्या कागदी भुशाचीसुद्धा आधी 'ल्युसिड' नावाच्या रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि पुनर्वापराचे पैसे भरायचे. एक डबी विकलीस तरी. यात मी कुरकुर करणार नाही, तत्त्व बरोबर आहे. सुट्टा माल विकणाऱ्या दुकानांवर मात्र फार भिस्त ठेवू नकोस. २०१४ साली कील आणि बर्लिनमध्ये अशी दुकानं निघाली तेव्हा गवगवा झाला, मग गावोगावी निघाली, आणि महागाई आली तशी बरीच बंदही झाली. माझे दोन चांगले विक्रेते असेच गेले.

कागदपत्रांचं एकच सांगते, कारण ते आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. माझी पदवी माहेरच्या नावाने, लग्नाचा दाखला दोन्ही नावांनी, पासपोर्टवर माझ्या नावाला जोडून नवऱ्याचं नाव. इथल्या एका ऑफिसने ते दोन्ही मिळून माझं 'पहिलं नाव' धरलं. झालं. लॅबचा अहवाल एका नावाने, धंद्याची नोंद दुसऱ्या, बँकेत तिसरीच बाई. डॉक्टरकडे मला नवऱ्याच्या नावाने पुकारायचे आणि मी शुंभासारखी बसून राहायचे, हा कोण माणूस आत जात नाही म्हणून. प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न: या दोघी एकच आहात याचा पुरावा? निघायच्या आधी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव-बदल छापून घे, त्याचं अधिकृत जर्मन भाषांतर कर आणि चार प्रती जवळ ठेव. कंटाळा करू नकोस.

मुलाचं. इथे जरा सावकाश वाच.

म्युनिक बव्हेरिया राज्यात आहे. तिथे प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीतल्या तीन विषयांच्या गुणांवर मूल पुढे कुठे जाणार ते ठरतं: जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासासारखा एक विषय. १ म्हणजे उत्तम, ६ म्हणजे नापास. सरासरी २.३३ पर्यंत आली तर गिम्नाझियम, तिथून थेट विद्यापीठ. २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची शाळा. त्याखाली मिटेलशूल, हातकामाच्या शिक्षणाकडे नेणारी. मे महिन्यात कागद हातात पडतो, मूल दहा वर्षांचं असतं. तुझा आठ वर्षांचा आत्ता येतोय, म्हणजे त्याच्या हातात दीडेक वर्ष. उशिरा येणाऱ्या मुलांना भाषेसाठी काही सूट आहे, ती शाळेत पहिल्याच भेटीत विचार, आपण होऊन कुणी सांगेलच असं नाही.

माझ्या मुलीला ती सूट नव्हती, कारण ती बालवाडीपासून इथलीच. गणित पक्कं होतं तिचं. जर्मन निबंधात घसरली आणि सरासरी २.६६ आली. मॅडम म्हणाल्या, घरात जर्मन बोलत जा. मी काय बोलणार होते जर्मनमध्ये तिच्याशी? माझं जर्मन लेबल लिहिण्यापुरतं. रागवायचं तरी मराठीत येतं नीट. सगळे समजावतात की रेआलशूलमधून दहावीनंतर पुढे जाता येतं, वाटा आहेत. आहेतच. माझी मुलगी सुखात आहे, तिला चष्मे बनवायचं शिक्षण घ्यायचंय, आणि त्यात ती हुशार निघेल. मला मात्र तो कागद पचलेला नाही. गिरगावात माझ्या आईला आजही वाटतं की नात 'मोठ्या शाळेत' आहे. मी तो समज दूर केलेला नाही आणि करेनसं वाटत नाही. रविवारी फोनवर आई विचारते, डॉक्टर होणार का गं? मी म्हणते, डोळ्यांचंच काहीतरी करायचं म्हणतेय.

एकटेपणा असतो. सवय होते. मंडळाचा गणपती आहे, दिवाळीला उटणं हातोहात जातं. पुढे.

तू विचारलं नाहीस तेच आता सांगते. तुझा धंदा मुंबईत बंद करू नकोस. विक्रीसाठी बनवायचं तर तिथेही २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांखाली राज्याच्या एफडीएचं लायसन्स लागतं, ते तुझ्याकडे नसेल तर आधी त्याचं बघ. स्वतःची जागा नसली तरी लायसन्स असलेल्या कारखान्यात लोन लायसन्सवर माल काढता येतो. जाऊबाई हाताखाली तयार झाल्यात म्हणालीस. त्यांच्या हातात दे.

कारण खरी गरज तिथे आहे. मुलुंडकरांना डम्पिंग ग्राउंड काय ते मी सांगायला नको. भंगारवाला काच घेतो, पत्रा घेतो, पुठ्ठा घेतो, जाड प्लास्टिक घेतो. शांपूची पुडी घेत नाही. तिच्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे होत नाहीत, म्हणून तिला भाव नाही. ती जाते गटारात, नाहीतर कांजूरमार्गला किंवा १९२७ पासून भरत आलेल्या देवनारला. पुडी घेणाऱ्या बाईला तुझा तीनशेचा बार परवडत नाही. तिच्यासाठी दहा रुपयांचा, चार आंघोळींचा, वर्तमानपत्राच्या कागदातला तुकडा कापून दे, तो किराणाच्या दुकानात बरणीत ठेव. असं काही कुणी नीट केलं, तर तो धंदा माझ्या इथल्या धंद्यापेक्षा शंभरपट मोलाचा. इथे माझी गिऱ्हाइकं मुळातच कचरा पाच डब्यांत वेगळा करणारी. त्यांना मी आणखी थोडं पुण्य विकते, लेबलसकट.

हे सगळं मी पोटतिडकीने लिहितेय, आणि लिहिताना मनात दुसरीच एक बाई बसलीय. ती म्हणते, येऊ दे तिला. जवळपास घर घेईल. नागरमोथ्याची गोणी दोघींत वाटून घेऊ, विमानभाडं निम्मं होईल, तळघरात रविवारी उटणं चाळायला कुणीतरी असेल, आणि चाळताना मुलांच्या शाळेबद्दल मराठीत शिव्या घालता येतील. मी वर एकटेपणाला चार वाक्यांत उडवलं ना, ते त्या बाईला अजिबात आवडलेलं नाही. तेव्हा माझा सल्ला किती नि:स्वार्थी आहे ते तूच ठरव.

आलीस तर हिवाळ्याआधी ये. नाताळच्या बाजारातल्या गाळ्यांचे अर्ज फार आधी भरावे लागतात, आणि पहिलं वर्ष गाळा न घेता नुसतं हिंडून काय विकलं जातं ते बघ. आंबेहळद जास्त घातलेलं उटणं पांढऱ्या टबाला पिवळं करतं, त्याच्या तक्रारी येतात. ते तुझ्या कृतीत आधीच कमी कर. तज्ज्ञ बाईंचा आणि पुरवठादाराचा पत्ता मी तुला वेगळा कळवते. माझ्या उटण्याचं प्रमाण मात्र विचारू नकोस, ते आईचं आहे.