घोडे, वाळवंट आणि नाशिकचा चित्रकार

प्रश्न : मी नाशिकला राहतो आणि नोकरी सांभाळून जलरंगात चित्रे काढतो. गेली दोन वर्षे घोडे आणि वाळवंट याखेरीज दुसरे काही काढावेसे वाटत नाही. वाळवंट मी पाहिलेले नाही. घोडे छायाचित्रांवरून काढतो आणि ते लाकडी वाटतात. मित्र म्हणतात, गोदाकाठ सोडून परक्या मुलखाचा हा नाद कशाला? मी काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाद मुळीच सोडू नका. जो विषय दोन वर्षे मनातून हटत नाही, त्याला परका म्हणता येत नाही. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या घोड्यांमागे मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल नावाचा घोडा होता, तसेच १९५२ साली चीनमध्ये पाहिलेले तांग राजवटीच्या काळातील मातीचे घोडेही होते.

लाकडीपणाचे मूळ मात्र छायाचित्रांवर विसंबण्यात आहे. जेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ साली इंग्लंडमधल्या एप्समची घोड्यांची शर्यत रंगवताना घोड्यांचे चारही पाय एकाच वेळी पुढे-मागे ताणलेले दाखवले. पुढे १८७८ मध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराच्या छायाचित्रांनी सिद्ध केले की, भरधाव घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. तरीही जेरिकोचे घोडे आजही धावतात, कारण तो स्वतः घोडेस्वार होता आणि त्या जनावराचे वजन, दम आणि बुजणे त्याला अंगाने ठाऊक होते.

तेव्हा आधी वरातीचे घोडे बाळगणाऱ्या एखाद्या घोडेवाल्याची परवानगी घेऊन महिनाभर सकाळी त्याच्या तबेल्यात बसा. खांद्यावर माशी बसली की तेवढीच कातडी थरथरते आणि बाकीचा घोडा स्तब्ध असतो, हे एकदा जवळून पाहिले की खांदा रंगवताना तुमचा हात आपोआप हलका होईल. पुढच्या पायाचा जो सांधा आपण गुडघा समजतो, ते खरे तर मनगट आहे, आणि मागच्या पायाचा उलटा वाकलेला सांधा म्हणजे टाच. बहुतेक लाकडी घोडे इथेच बिघडतात. मार्गशीर्षात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा घोडेबाजार चुकवू नका. तापीकाठच्या त्या गर्दीत, टोके आत वळून एकमेकांना भिडणाऱ्या कानांचे मारवाडी घोडे तुम्हाला हातभर अंतरावरून पाहायला मिळतील.

वाळवंटासाठी जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या सम या गावी हिवाळ्यात जा आणि एकाच धोऱ्यासमोर, म्हणजे वाळूच्या टेकडीसमोर, निदान तीन पहाटा काढा. वाऱ्याकडची बाजू सौम्य चढते; पलीकडची सुमारे ३४ अंशांत घसरते, कारण कोरडी वाळू त्याहून उभी राहूच शकत नाही. या दोन उतारांमधली धार नेमकी साधली, तर वाळूचा एकेक कण रंगवण्याची गरज उरत नाही. सूर्य खाली असताना सावल्यांत काळा रंग घालू नका. तिथे आकाशाचा निळा उतरलेला असतो आणि शेजारच्या उन्हाच्या पिवळ्यामुळे तो जांभळट भासतो. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर नजर तयार झालेल्या आपल्यासारख्यांना हे उमगायला थोडा वेळ लागतो, म्हणून पहिल्या पहाटेच्या चित्रावरून खचून जाऊ नका.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट : तिथल्या कोरड्या हवेत रंगाचा हात कागदावर पाहता पाहता सुकतो आणि आकाशात कडा उमटतात. आकाशाचा रंग आधीच वाटीभर कालवून ठेवा, रुंद ब्रश घ्या आणि कागद दोन्ही बाजूंनी भिजवूनच काम सुरू करा.