मुंबईहून अमेरिकेला जाताना फ्रँकफर्टला सात तासांचा थांबा आहे. शहर बघून येता येईल का?

येईल, पण पासपोर्ट भारतीय असेल तर शेंगेन व्हिसा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा) हवाच. नुसत्या अमेरिकन व्हिसावर विमानतळाबाहेर सोडत नाहीत. माझं त्या वाटेने बऱ्याचदा जाणं होतं, त्यावरून सांगतो. टर्मिनल १ च्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून एस-८ किंवा एस-९ लोकल पकडा, जेमतेम पंधरा-वीस मिनिटांत शहरात. मुख्य स्टेशनवर उतरू नका, तिथला परिसर काही खास नाही. पुढे हाउप्टवाखेला उतरा. चालत रोमरबर्ग चौक गाठा. समोरची लाकडी चौकटींची घरं जुनी वाटतात खरी, पण १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात मूळची गेली. ही १९८० च्या दशकात पुन्हा उभारलेली. मग माइन नदीवरचा आयझर्नर श्टेग हा पादचारी पूल, आणि भूक लागली तर क्लाइनमार्क्टहाले ही मंडई. रविवार असेल तर मंडई आणि दुकानं बंद, मग नुसतं फिरणंच. सात तासांतले हातात तीनच धरा: इमिग्रेशनला आता बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, रांग कधीकधी रखडते, आणि अमेरिकेच्या विमानाआधी पुन्हा वेगळी तपासणी असते.