नितळ पाणी, डाळही छान शिजते, मग मुलांच्या दातांवर डाग का?

प्रश्न : ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. दात घासत नाहीत म्हणून मी त्यांना रागवायचे. शाळेच्या आवारातल्या हातपंपाचं पाणी नितळ आहे, चवीला गोड आहे, खिचडीची डाळही त्यात लवकर शिजते. आता कुणी म्हणतं, पाण्यात फ्लोराइड आहे, उकळून द्या. उकळलं की चालेल ना?

बाई, आधी मुलांना रागावणं थांबवा. ते डाग घासून जाणारे नाहीत. पक्के दात बाहेर येण्याआधी कित्येक वर्षं हिरडीच्या आत घडत असतात, आणि त्या काळात पोटात जादा फ्लोराइड गेलं तर दातावरचं कवच नीट तयार होत नाही. दात येतात तेच खडूसारखे पांढुरके, आणि पुढे त्यांवर तपकिरी पट्टे उमटतात. यात मुलांचा काहीही दोष नाही, हे त्यांना वर्गात सगळ्यांसमोर सांगा. बारा-तेरा वर्षांच्या मुली तोंडावर हात ठेवून हसतात, ते मी फार पाहिलंय.

आणि फ्लोराइडसाठी पाणी उकळू नका. उकळल्यानं जंतू मरतात. फ्लोराइड हा खडकातून पाण्यात विरघळलेला क्षार आहे. पाण्याची वाफ उडून जाते, फ्लोराइड पातेल्यातच राहतं. लिटरभर पाणी आटून पाऊण लिटर झालं, तर लिटरभरातलं सगळं फ्लोराइड आता त्या पाऊण लिटरात. हा सल्ला मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलाय आणि दर वेळी पोटात कालवलं आहे.

तुमच्या पत्रातलं डाळीचं वाक्य मी दोनदा वाचलं. कॅल्शियम जास्त असलेलं जड पाणी डाळ शिजू देत नाही, साबणाचा फेस होऊ देत नाही. पण तेच कॅल्शियम पाण्यात फ्लोराइडही फार विरघळू देत नाही. जिथे पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोड्याचा अंश जास्त, तिथे डाळ लवकर शिजते आणि खडकातलं फ्लोराइडही मोकळं होतं. प्रत्येक गोड पाण्यात फ्लोराइड असतं असं नाही, पण गोडीवरून पाणी चांगलं ठरवता येत नाही. मी एकतीस वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली. एकदा एक आजी कॅन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाई, गावातलं सगळ्यात चांगलं पाणी आणलंय, पाहुण्यांना आम्ही हेच देतो.’’ त्यात फ्लोराइड मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघालं. त्यांना ते सांगताना मला शब्द सापडत नव्हते.

हातपंपाला मात्र मी नावं ठेवणार नाही. माझ्या आजोबांच्या पोटरीतून नारू, म्हणजे दोऱ्यासारखा लांब जंत, निघायचा. रोज काडीला थोडा थोडा गुंडाळत ओढायचा, तुटला तर पाय सुजायचा. पायविहिरीत उतरून भरलेल्या पाण्यातून तो यायचा. पटकीची साथही तशाच उघड्या पाण्यातून. १९७२च्या दुष्काळानंतर गावोगावी बोअर झाले. जालन्यात आणि सोलापुरात घडलेल्या पंपांवरूनच पुढे देशभर लागलेला ‘इंडिया मार्क टू’ आला. वर उचललेलं झाकलेलं पाणी मिळालं, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्या पंपानं माणसं वाचवली. फक्त त्या वेळी पाण्यात जंतू नाहीत एवढंच पाहिलं गेलं, खडकानं काय मिसळलंय ते पाहायचं राहून गेलं.

आता काय करायचं. एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घ्या, काचेची नको. पंप चार-पाच मिनिटं मारून पाणी सोडून द्या, मग त्याच पाण्यानं बाटली दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरा. वर उद्भवाचं, म्हणजे पाणी जिथून घेतलं त्या पंपाचं किंवा विहिरीचं, नाव आणि तारीख लिहा, आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवा. ‘पाणी पिण्यास योग्य’ एवढ्या शेऱ्यावर परत येऊ नका, फ्लोराइडचा आकडा मागा. आपल्या देशाचं मानक लिटरमागे १ मिलिग्रॅम सांगतं. दुसरा उद्भवच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याच दिवशी गावातल्या उथळ विहिरीची बाटलीही पाठवा. खोल बोअरपेक्षा उथळ विहिरीत फ्लोराइड बऱ्याचदा कमी निघतं. तसं निघालं तर त्या विहिरीवर झाकण आणि पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, एवढ्यावर निम्मं काम होतं.

पंप बंद करू नका. धुण्याभांड्यांना, झाडांना ते पाणी चालतं. फक्त पिणं आणि शिजवणं दुसऱ्या पाण्यात. शिजवणं लोक विसरतात, आणि खिचडीत तर पाणी सगळं मुरतं. तुरटी आणि चुन्यानं फ्लोराइड खाली बसवायची एक पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं बसवली, नलगोंडा पद्धत म्हणून ती ओळखली जाते. पण तुरटी किती घालायची ते पाण्याच्या क्षारतेवर ठरतं. शाळेत अंदाजानं करू नका. मुलांना कोरा चहा देऊ नका, त्यातही फ्लोराइड असतं. नाचणी, तीळ, दूध जमेल तेवढं द्या. गावात चाळिशीतल्या कुणाला हनुवटी छातीला टेकवता येत नसेल, वाकताना कंबर धरत असेल, तर त्यांना आरोग्य केंद्रात पाठवा. वर्षानुवर्षं असं पाणी पोटात गेलं की हाडंही धरतात.

प्रश्न : मागे तुम्ही बांगलादेशातल्या लाल-हिरव्या नळविहिरींचा ओझरता उल्लेख केला होता. ते नेमकं काय आहे? – एक वाचक, ठाणे

यवतमाळच्या बाईंना सांगितलं तेच, पण कित्येक पटींनी मोठं. तिथे तळ्यांचं पाणी पिऊन मुलं हगवणीनं जायची. म्हणून १९७०च्या दशकापासून सरकारनं आणि युनिसेफनं उथळ नळविहिरी खोदायला लावल्या, पुढे लोकांनी स्वतःच्या पैशानंही लाखोंनी खोदल्या. हिमालयातून आलेल्या त्या गाळात आर्सेनिक होतं, आणि ते कुणी तपासलंच नाही. १९९३ साली चापाई नवाबगंज भागात ते पहिल्यांदा सापडलं. सीमेअलीकडे पश्चिम बंगालमध्ये मात्र कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ सालीच रुग्ण ओळखले होते. दहा वर्षांचा हा उशीर मला आजही सलतो.

आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. आधी छातीवर काळे-पांढरे ठिपके येतात, मग तळहात-तळपाय खरखरीत होतात, पुढे कर्करोग. ठिपके दिसले की लोकांना महारोग वाटायचा, मुलींची लग्नं मोडायची.

२००० नंतरच्या काही वर्षांत जवळपास ५० लाख नळविहिरी तपासल्या गेल्या. लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम या तिथल्या मर्यादेच्या वर आर्सेनिक असेल तर तोंडाला लाल रंग, नसेल तर हिरवा. सुमारे १४ लाख लाल निघाल्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर १० आहे, म्हणजे हिरव्यांतही सगळं आलबेल नव्हतं. तरी त्या रंगाच्या डब्यानं जे केलं त्याला तोड नाही. लाल नळाची बाई हंडा घेऊन शेजारच्या हिरव्या नळावर जाऊ लागली. अंगणापलीकडचा नळ सुरक्षित असू शकतो, कारण तिथे दोन विहिरींत हाकेच्या अंतरावर फरक पडतो, आणि फार खोल गेलं की आर्सेनिक बहुतेक ठिकाणी कमी होतं. पुढे रंग उडाले, नव्या विहिरी न तपासताच खोदल्या गेल्या. २०१६ सालीही सुमारे दोन कोटी लोक तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त आर्सेनिकचं पाणी पीत असल्याचा अंदाज होता.

आपल्याकडे ग्रामपंचायतींना पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्यासाठी लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. तुमच्या मूळ गावाला शेवटचं कोणतं मिळालं, सरपंचांना फोन करून विचारा.

प्रश्न : पुण्यात राहतो. २०२५च्या जीबीएसच्या (गिलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराच्या) साथीनंतर घरात आरओ बसवला. पाणी आता निर्धोक ना? – एक वाचक, सिंहगड रस्ता

त्या साथीत संशय जंतूंनी दूषित झालेल्या पाण्यावर होता, क्षारांवर नव्हता, आणि आरओ मुख्यतः क्षारांसाठी असतो. जंतूंसाठी खळखळून एक मिनिट उकळणं पुरेसं आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का ते आधी बघा, लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम हवं. त्याची रंग बदलणारी साधी तपासणी सोसायटीत कुणालाही करता येते. आणि टाकी वर्षातून दोनदा रिकामी करून घासून घ्या. आरओ काढू नका, पण त्याचं सांडपाणी मोरीत न सोडता बादलीत धरा.